प्रतिपालक व्हायचे तर काय काय लागते? – नागपूर जिल्ह्यापुरता धागा

वैनगंगा
दत्तकाच्या धाग्यावर फॉस्टर केअरचे प्रश्न सारखे येतात आणि उत्तरे तिथल्या गर्दीत सापडेनाशी होतात, म्हणून हा वेगळा धागा. बाल कल्याण समिती, बालगृह, समुपदेशन, वकिली, बालरोग, ज्यांना ज्या बाजूने हा विषय माहीत आहे त्यांनी नेमके लिहावे.

आधी गोष्ट काय आहे ते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने, पारखून घेतलेल्या दुसऱ्या कुटुंबात काही काळासाठी राहायला जाते. सरकारी मराठीत याला प्रतिपालकत्व म्हणतात. मुदत एक वर्षापर्यंत असेल तर अल्पमुदतीचे, त्याहून जास्त असेल तर दीर्घमुदतीचे. दीर्घमुदतीचे वेळोवेळी तपासून वाढवले जाते, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत.

मुले साधारण सहा वर्षांवरची असतात. काही बालगृहात राहतात आणि त्यांना भेटायला कुणीच येत नाही. काहींचे आईवडील आहेत, पण तुरुंगात, गंभीर आजारात किंवा मानसिक आजारात असल्यामुळे समितीने त्यांना सध्या असमर्थ ठरवले आहे. काही मुले दत्तकासाठी मोकळी आहेत, पण वय वाढल्यामुळे किंवा अपंगत्वामुळे त्यांना घर मिळालेले नाही. तान्हे बाळ या वाटेने मिळत नाही, हे अगदी सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

गल्लत तीन ठिकाणी होते. दत्तकात मूल कायमचे तुमचे होते, नाव आणि वारसाहक्कासकट. १ सप्टेंबर २०२२ पासून तो आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दत्तकाचा आदेश येण्याआधी मूल घरी येते त्या काळाला 'दत्तकपूर्व फॉस्टर केअर' म्हणतात, पण तो दत्तक प्रक्रियेचाच टप्पा आहे, त्याचा या धाग्याशी संबंध नाही. आणि बाल संगोपन योजना म्हणजे आई, वडील किंवा नातेवाईक यांच्याकडेच असलेल्या मुलासाठी मिळणारे अनुदान. परक्या घरी मूल ठेवण्याची ती योजना समजून अर्ज करणारे बरेच असतात.

फुटाळाकाठ
धाग्यासाठी मनापासून आभार, ताई. आमची वये ४१ आणि ३८, घरात ८ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आम्ही पात्र आहोत का? अर्ज नेमका कुठे द्यायचा? एका ओळखीच्या बाईंचे म्हणणे, "कोणत्याही अनाथालयात जाऊन मूल पाहून या न, ते देतात."

वैनगंगा
@फुटाळाकाठ, अनाथालयात जाऊन मूल 'पाहून' यायचे नसते आणि कोणतीही संस्था स्वतःच्या अधिकारात मूल देऊ शकत नाही. आदेश फक्त बाल कल्याण समितीचा. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. महिन्यातून किमान २० दिवस त्यांचे कामकाज चालले पाहिजे असे कायदा सांगतो.

अर्जासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्ष. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतो. सिव्हिल लाइन्सच्या गर्दीत नुसते 'बालविकास' विचारले तर अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयात पाठवतात. तो जिल्हा परिषदेचा वेगळा विभाग आहे. 'जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बिगर संस्थात्मक काळजीचे संरक्षण अधिकारी' असे पूर्ण नाव घेऊन विचारा. केंद्राच्या २०२४ च्या नमुना मार्गदर्शक सूचनांनंतर 'कारा'च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) केअरिंग्ज पोर्टलवरूनही नोंदणी करता येते. ती केली तरी कक्षात एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा, कारण पुढची सगळी गाडी तिथूनच हलते.

पात्रता: जोडपे असेल तर किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन आणि दोघांच्या वयाची बेरीज किमान ७०. तुमची ७९ होते, प्रश्न नाही. एकट्या व्यक्तीलाही आता अर्ज करता येतो, मग ती अविवाहित असो, विधवा-विधुर असो, घटस्फोटित असो की कायदेशीर विभक्त. त्यांच्यासाठी किमान वय ३५. मूल ६ ते १२ वयोगटातले असेल तर कमाल ५५ आणि १२ ते १८ मधले असेल तर कमाल ६०. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा.

याशिवाय भारतीय नागरिकत्व, फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली नसणे, आणि मुलाचा खर्च सरकारी रकमेवर विसंबून न राहता भागेल एवढे उत्पन्न. जोडीदारांपैकी दोघांनाही हवे असले पाहिजे. एकाची 'बरं, करू' अशी संमती गृहभेटीत लगेच उघडी पडते आणि पडायलाच हवी.

कागद: दोघांचे आधार आणि पॅन, वयाचा पुरावा, लग्नाचा दाखला (किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, जोडीदाराचा मृत्यू दाखला), रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रे. सगळ्यांची म्हणजे सासूबाईंचीही. त्यात क्षयरोग, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या असतात. सर्वांत वेळ खाते ती पोलिस पडताळणी, विशेषतः आधारवरचा पत्ता जुना असेल आणि सध्याचे ठाणे वेगळे असेल तर. आधी पत्ता दुरुस्त करा, मग अर्ज.

कोराडी_रोड
गृहभेटीबद्दल लिहितो. कायद्याच्या नियमांसोबत जे नमुने आहेत त्यातला नमुना ३० हा कुटुंबाचा गृह अभ्यास अहवाल, ३१ हा मुलाचा अभ्यास अहवाल, ३२ हा समितीचा आदेश, ३३ हे तुमचे हमीपत्र, ३४ ही मुलाची नोंद आणि ३५ हा दरमहा तपासणीचा. हे सहाही आधी वाचून काढा. भेटीत काय विचारणार, आदेशात काय असणार, सगळे त्यातच आहे.

सामाजिक कार्यकर्ता घरातल्या प्रत्येकाशी वेगळे बोलतो, तुमच्या मुलीशीसुद्धा. तिला पढवून ठेवू नका. 'ताई येणार, खेळायला मिळेल' असे सांगितलेली मुले पुढे फार दुखावतात, कारण येणारे मूल बहुतेक वेळा आधी खेळायला येत नाही, ते आधी वस्तू तपासते, हिसकते, नाहीतर कोपऱ्यात बसते. मुलीला खरे सांगा: हे मूल काही दिवस राहील, त्याचे स्वतःचे आईबाबा असू शकतात, तुझ्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच राहील.

मोठे घर लागत नाही. स्वतंत्र खोलीचीही अट नाही. पण स्वतःचे अंथरूण, कपडे ठेवायला स्वतःचा कप्पा आणि अभ्यासाला बसायची जागा लागतेच. बाथरूमला आतून चालणारी कडी हवी. बालगृहात सामुदायिक न्हाणीघराची सवय असलेल्या मुलाला हा एकांत नवा असतो.

आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून पाहावी: कूलर. नागपुरात लोखंडी बॉडीचे कूलर अजून घरोघरी आहेत आणि दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसे जातात. बालगृहातून आलेल्या मुलाने कूलरमध्ये पाणी भरलेले असेलच असे नाही. अर्थिंग तपासून घ्या, मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, आणि प्लग काढल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या. जुन्या वस्तीत अंगणात विहीर असेल तर तिला जाळी, गच्चीला कठडा.

कूलरच्या पलीकडे अहवाल लिहिणारा आणखी एक गोष्ट शोधत असतो. घरात आधीपासून 'शिकवायला आणलेली' गावाकडची मुलगी भांडी घासते आहे का? असेल तर अर्ज तिथेच संपतो, आणि बाल न्याय अधिनियमाचे कलम ७९ त्या कुटुंबाला लागू होऊ शकते: पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपये दंड.

वकीलसाहेब_कामठी
कायद्यातले तुमचे स्थान नीट समजून घ्या, नाहीतर शाळेत, बँकेत, दवाखान्यात अडकाल.

तुम्ही मुलाचे काळजीवाहक असता. मुलाचे नाव, आडनाव, धर्म, जात बदलण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. तुमच्या मिळकतीत त्याला आपोआप वाटा येत नाही, काही द्यायचे असेल तर मृत्युपत्र करावे लागते. कलम ४४(६) प्रमाणे शिक्षण, आरोग्य आणि पोषणाची जबाबदारी मात्र पूर्णपणे तुमची.

समितीच्या आदेशाची साक्षांकित प्रत, चार-पाच झेरॉक्स आणि एक स्कॅन कायम जवळ ठेवा. शाळाप्रवेश, शस्त्रक्रिया, आधारमधली दुरुस्ती, बँक खाते, सगळीकडे 'तुम्ही कोण' या प्रश्नाचे उत्तर तोच कागद आहे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी समितीची लेखी परवानगी आधी घ्या. तातडीच्या वेळी उपचार थांबवायचे नाहीत, त्याच दिवशी कक्षाला आणि समितीला लेखी कळवायचे.

शाळा दाखल्यासाठी अडवते तेव्हा शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ काढा. कलम १४(२) सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. अभ्यासात मागे आहे म्हणून दहा वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवणे हे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर नसते. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. त्यापुढच्या मुलासाठी समितीकडून शाळेच्या नावे पत्र घ्यावे लागते.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ कडे फार दुर्लक्ष होते. मुलाची ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाढदिवसाचा फोटो 'आमचा फॉस्टर मुलगा' असे लिहून स्टेटसला टाकणे यात येऊ शकते. शाळेत मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, एवढ्यांनाच सांगा.

समितीचा प्रतिपालकत्वाबाबतचा निर्णय मान्य नसेल तर अपील ३० दिवसांत, जिल्हाधिकाऱ्यांकडे. समितीच्या इतर आदेशांविरुद्ध बाल न्यायालयात जायचे असते, त्यामुळे इथे अनेक वकीलही चुकीच्या दारात जातात.

आणि @फुटाळाकाठ, ओळखीच्या बाईंचा मार्ग पुन्हा कुणी सुचवला तर सांगा: प्रक्रियेबाहेर मूल दत्तक म्हणून देणे-घेणे, कलम ८०, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे हातात पडले असतील तर कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास.

शेवंता_काटोल
खर्चासाठी किती मिळतात? इथे कुणी २,२५० म्हणते, कुणी ४,०००.

वैनगंगा
दोन्ही आकडे खरे आहेत, योजना वेगवेगळ्या. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रतिपालकत्व किंवा प्रायोजकत्वासाठी दर मुलामागे महिना ४,००० रुपये. प्रायोजकत्व म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहते आणि घराला मदत मिळते. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना वेगळी, २०२३ पासून तिची रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. मूल काका, मामा, आजी यांच्याकडे असेल तर बहुतेक वेळा या दोनपैकी एका योजनेत बसते. काटोल, नरखेड, उमरेडकडच्या बहुतेक विचारणा याच असतात, तेव्हा आधी मूल कुणाकडे राहते ते सांगा, मग योजना ठरते. व्हॉट्सअपवर फिरणारे फॉर्म भरायला कुणाला पैसे देऊ नका, अर्ज कक्षात विनामूल्य आहे.

प्रतिपालकत्वाचे पैसे थेट बँक खात्यात येतात. ते दर महिन्याच्या एक तारखेला येतील असे धरून शिकवणीची फी ठरवू नका. काही महिने आले नाहीत तरी घर चालेल अशी तयारी अर्ज करतानाच हवी. खर्चाची साधी वही ठेवा, तारीख-वस्तू-रक्कम. दरमहा तपासणीला येणाऱ्याला ती दाखवली की अर्धे प्रश्न उरतच नाहीत.

बालरोग_धंतोली
वैद्यकीय बाजू. मूल घरी येण्याआधी मागायच्या गोष्टी: लसीकरणाची नोंद, रक्तगट, शेवटचे हिमोग्लोबिन, पूर्वी कुठे भरती होते का, आणि सिकलसेलची (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का. विदर्भात हा शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. नुसती सोल्युबिलिटी चाचणी 'पॉझिटिव्ह' आहे एवढ्याने वाहक की रुग्ण हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी लागते. एएस असेल तर मूल वाहक आहे, औषध लागत नाही. एसएस म्हणजे रुग्ण असेल तर नागपूरचा मे महिना त्याच्यासाठी धोक्याचा आहे. पाणी कमी पडले की रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य दुखतात. अशा मुलाला शाळेत पाण्याची बाटली आणि लघवीला केव्हाही जाण्याची मुभा ही औषधाइतकीच गरजेची. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर 'उद्या पाहू' चालत नाही, त्याच दिवशी मेडिकल, मेयो (दोन्ही नागपूरची सरकारी रुग्णालये) किंवा मिहानचे एम्स. दुखण्याला 'नाटक' म्हणू नका.

पहिल्या आठवड्यात करायचे: डोळे, कान, दात, उंची-वजन, हिमोग्लोबिन. सहा महिन्यांत जंताचे औषध झाले नसेल तर ते. १० आणि १६ व्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्प) लस बहुधा राहिलेली असते. खरूज असेल तर ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावून ८ ते १४ तासांनी धुवायचे, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. आठवड्याने पुन्हा. चादरी-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. एकट्या मुलाला लावले की दोन आठवड्यांत खाज परत येते आणि दोष मुलावर जातो.

अंथरूण ओले होणे फार सामान्य आहे, दहा-बारा वर्षांच्या मुलांतसुद्धा. आधी लघवीची तपासणी करा, बद्धकोष्ठता आहे का पाहा. तहान आणि लघवी दोन्ही अचानक वाढली असेल तर रक्तातील साखर तपासा. गादीवर रबरी शीट, चादरींचे दोन जोड. झोपण्याआधीच्या दोन तासांत पाणी कमी, पण दिवसभरात मुळीच कमी नाही. मुलाने स्वतः चादर बदलावी हे ठीक, ती शिक्षा म्हणून धुवायला लावणे ठीक नाही.

निमपर्णी
समुपदेशनाच्या बाजूने पहिल्या तीन महिन्यांबद्दल लिहिते, कारण जी मुले परत जातात त्यांतली बहुतेक याच काळात.

पहिले काही दिवस मूल फार शहाण्यासारखे वागते. ताट स्वतः उचलते, विचारल्याशिवाय पाणी पीत नाही, हाक मारली की उभे राहते. घरचे खूश होतात. ही संस्थेची सवय आहे, तिथे पाण्यालासुद्धा वेळ ठरलेली असते. मग साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल घर पारखायला लागते: खोटे बोलते, वस्तू मोडते, तुमच्या मुलीला चिमटे काढते, 'मला परत नेऊन सोडा' म्हणते. बरेच पालक इथे घाबरतात आणि म्हणतात, "आधी किती चांगला होता." खरे तर आता त्याला इतके सुरक्षित वाटू लागले आहे की तो विचारू शकतो: मी वाईट वागलो तरी मला ठेवाल का? उत्तर तुमच्या वागण्यातून जाते. आवाज न चढवता, ठरलेला नियम तसाच ठेवून, जेवण आणि झोपेची वेळ न हलवता. हात उगारायचा नाही, कधीच नाही. 'परत पाठवीन' ही धमकी तर एकदाही नाही, ती दिली की सगळे पहिल्यापासून सुरू होते.

अन्न लपवणे जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. उशीखाली पोळी, दप्तरात बिस्किटे. याला चोरी म्हणू नका. मुलाच्या नावाचा एक डबा द्या, त्यात शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, केळे, आणि तो कधीही उघडायची परवानगी. रिकामा झाला की न विचारता भरा. तो रिकामा राहणार नाही याची खात्री पटली की साठवणे आपोआप कमी होते, काहींचे काही आठवड्यांत, काहींचे वर्षभर चालते.

भाषेकडे लक्ष द्या. नागपूर जंक्शनवर सापडलेली मुले मध्य प्रदेश, छत्तीसगडकडची असतात, घरात हिंदी किंवा छत्तीसगढी बोललेली. त्यांना लगेच मराठी माध्यमात टाकले की 'मंद' असा शिक्का बसतो. नागपुरात हिंदी माध्यमाच्या शाळा आहेत, तिथे आधी चौकशी करा. आणि शक्य असेल तर मूल उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी यावे. आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर घराचा अंदाज येतो. परीक्षेच्या तोंडावर घर आणि शाळा दोन्ही बदलणे टाळावे.

नाव बदलू नका, लाडाचेसुद्धा नवे नाव लगेच नको. 'आई-बाबा' म्हणायला लावू नका, काकू-काका, मावशी, जे त्याच्या तोंडी येईल ते. त्याच्याकडे आईचा फोटो असेल तर तो फ्रेम करून त्याच्याच कप्प्यात ठेवा.

मूल पूर्वीच्या अत्याचाराबद्दल बोलले तर खोदून विचारू नका, व्हिडिओ करू नका, दहा जणांसमोर परत सांगायला लावू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळ घाला, आणि त्याच दिवशी कळवा. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा. रात्र असेल तर १०९८ ही बाल हेल्पलाइन.

ऑरेंजसिटी
माझे मत थोडे वेगळे. आता दोन वर्षांनी प्रतिपालक कुटुंबाला त्याच मुलाचे दत्तक मागता येते, आधी पाच वर्षे थांबावे लागे. दत्तकाची प्रतीक्षायादी एवढी लांब असताना मूल हवे असणाऱ्यांनी सरळ या मार्गानेच यावे. मुलालाही घर मिळते, यात वाईट काय?

वैनगंगा
@ऑरेंजसिटी, दोन वर्षांची तरतूद खरी आहे आणि चांगलीही आहे. मोठ्या वयाच्या मुलाला जोडलेले घर तुटू नये म्हणून ती आली. पण ती फक्त त्या मुलांना लागू पडते ज्यांना समितीने दत्तकासाठी मोकळे घोषित केले आहे. ज्याची आई मनोरुग्णालयात उपचार घेत आहे किंवा वडील शिक्षा भोगत आहेत, ते मूल दोन काय, सहा वर्षे राहिले तरी तुमचे होणार नाही, आणि व्हावे असे मनात धरणेही त्या आईवर अन्याय आहे.

कलम ४४(५) वाचा. आईवडिलांना ठरावीक अंतराने मुलाला भेटण्याचा हक्क आहे, समितीने कारण लिहून नाकारला नसेल तर. आणि ते पुन्हा समर्थ ठरले की मूल घरी जाऊ शकते. दत्तकाची आशा धरून आलेले कुटुंब नकळत या भेटी टाळू लागते: आज ताप आहे, आज परीक्षा आहे. भेटीवरून आल्यावर मूल दोन दिवस चिडचिडे असते, त्याचा ठपका आईवर ठेवला जातो. चिडचिड होते कारण त्याला आई आठवते. भेटीच्या दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका, आवडीचे जेवण करा, मोकळे सोडा.

म्हणून अर्जाच्या वेळीच कक्षाला स्पष्ट सांगा की तुम्ही कोणत्या मुलासाठी तयार आहात: परत जाण्याची शक्यता असलेल्या, की दत्तकासाठी मोकळ्या पण मोठ्या वयाच्या. दोन्ही उत्तरे चालतात. मनात एक आणि कागदावर दुसरे, हे मात्र मुलाला महागात पडते.

ऑरेंजसिटी
पटले. पहिल्या प्रकारासाठी मी स्वतः तयार नाही, हे लिहिताना लक्षात आले. दुसऱ्याबद्दल विचारतो कक्षात.

फुटाळाकाठ
सासूबाईंचे म्हणणे, "दुसऱ्याच्या लेकराला लळा लावून मग परत कसे देता?" त्यांना काय सांगावे? आणि जमलेच नाही तर मूल परत करता येते का?

निमपर्णी
सासूबाईंना गृहभेटीआधी एकदा कक्षातल्या समुपदेशकांशी बोलू द्या. लळा लागणारच, लागायलाच हवा. लळा न लागलेल्या घरात मूल वाढत नाही. मूल परत जाते तेव्हा ते अचानक जाऊ नये यासाठी भेटी वाढवत नेतात: आधी दिवसभर, मग एक रात्र, मग आठवडा. त्याच्यासाठी फोटोंची वही पहिल्या दिवसापासून करा, शाळेची प्रगतिपुस्तके, दवाखान्याची फाइल, मित्रांची नावे. ती त्याच्याबरोबर जाते. समितीची आणि घरच्यांची हरकत नसेल तर पुढे फोन, भेट चालू ठेवता येते. सासूबाईंना हे कळले की बहुतेक वेळा त्यांचीच तयारी सगळ्यांत आधी होते.

जमत नसेल तर समितीला सांगून व्यवस्था बदलता येते, कायद्यात तशी वाट आहे. पण ते सांगण्याची वेळ फार आधीची असते. रात्री झोप लागत नाही, तुमची मुलगी घरी यायला कंटाळते, तुम्ही दोघे यावरून भांडता, या टप्प्यावरच संरक्षण अधिकाऱ्यांना फोन करा. समुपदेशन, शाळेत मदत, काही दिवस नातेवाइकांचा हातभार, असे बरेच करता येते. सहन करत राहून एका संध्याकाळी बॅग भरून मुलाला बालगृहाच्या दारात आणून सोडणे, हे मूल आयुष्यभर विसरत नाही.

रामटेककर
दरमहा तपासणीत काय बघतात? आणि माझी नोकरी बदलीची आहे, बदली झाली तर?

कोराडी_रोड
तपासणी नमुना ३५ प्रमाणे: मुलाची तब्येत आणि वजन, शाळेतली हजेरी, घरातले वागणे, खर्च, आणि मुलाशी एकट्याने बोलणे. तेव्हा तुम्ही शेजारच्या खोलीत जा, दार लोटून घ्या. मूल काय बोलले ते नंतर विचारू नका. कुटुंबाची काळजी कमी पडते आहे असे दिसले तर मुलाला दुसऱ्या कुटुंबात हलवण्याचा अधिकार समितीला आहे, त्यामुळे अडचण तुम्हीच आधी सांगणे केव्हाही बरे.

बदलीचे: आदेश नागपूरच्या समितीचा असतो, तो तुमच्या मागे आपोआप येत नाही. बदलीचा नुसता अंदाज असला तरी लेखी कळवा. समिती तीन गोष्टी तपासते: मुलाच्या आईवडिलांच्या भेटी दूर गेल्याने तुटतील का, शाळा वर्षाच्या मध्यात बदलेल का, आणि नव्या जिल्ह्यातला कक्ष देखरेख घ्यायला तयार आहे का. भेटी चालू असतील तर बहुधा मूल नागपुरातच ठेवण्याकडे कल असतो, आणि तो बरोबर आहे. येत्या दोन वर्षांत बदली नक्की असेल तर दीर्घमुदतीऐवजी अल्पमुदतीसाठी नाव द्या.

सुट्टीत गावी न्यायचे तर तारीख, पत्ता आणि फोन नंबर लिहून अर्ज द्या, पोहोच घ्या. लग्नसराईत ऐनवेळी हे राहून जाते, म्हणून एप्रिलमध्येच देऊन ठेवा. राज्याबाहेर जायचे असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, छिंदवाडा किंवा पचमढी जवळ असली तरी ते मध्य प्रदेशच आहे.

रामटेककर
धन्यवाद, भाऊ. सोमवारी कक्षात जाऊन अल्पमुदतीसाठीच विचारतो. जाताना नमुना ३० ते ३५ च्या प्रती आणि आधारची दुरुस्ती पावती सोबत नेतो.